सामूहिक वनसंसाधन हक्काचा दावा : कोण करू शकतं, काय जोडायचं आणि फाईल कुठे अडते

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पत्त्यासाठी झाडं छाटतात, जंगलाला आग लावतात, आणि त्यात बाकीचं रानही जळतं. छाटणी थांबली की तेंदूला फळं धरतात; ती माणसं खातात, पाखरंही खातात. गावाला असं ठरवता येतं ते वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(1)(आय) मुळे. जंगलाचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हा सामूहिक वनसंसाधन हक्क पट्ट्यावर (हक्काच्या सरकारी कागदावर) ग्रामसभेच्या नावाने चढतो. जंगल राखणाऱ्या प्रत्येक गावाने हा दावा केलाच पाहिजे.

दावा ग्रामसभेचा असतो, ग्रामपंचायतीचा नाही. गट ग्रामपंचायतीत चार टोले (पाडे) असतील तर अनुसूचित क्षेत्रात प्रत्येक टोल्याची वेगळी ग्रामसभा दावा करू शकते. गावात सगळेच आदिवासी असले पाहिजेत अशी अट नाही. अर्जासोबत ग्रामसभा सदस्यांची यादी लागते आणि प्रत्येक नावापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी (पिढ्यान्पिढ्या जंगलावर जगणारे बिगर-आदिवासी) हे लिहायचं असतं. या दोन्हींपैकी मोजकेच सदस्य असले तरी दावा चालतो, हे अर्जाच्या नमुन्यातच छापलेलं आहे. चार हेक्टरची मर्यादा वैयक्तिक दाव्याला आहे, इथे लागू नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातली जमीनही कायद्याच्या व्याख्येत वनजमीनच आहे. मेळघाटात किंवा नवेगाव-नागझिऱ्यालगत “इथे दावा होत नाही” असं कोणी सांगितलं तर ते लेखी मागा.

सर्वात जास्त घोटाळा नमुन्यात होतो. निस्तार (सरपणासारख्या घरगुती गरजा), चराई, मोहफूल-चारोळी वेचणं यासाठी नमुना ‘ब’ आहे. जंगल राखण्या-सांभाळण्याच्या हक्कासाठी नमुना ‘क’, म्हणजे इंग्रजीतला फॉर्म सी. फक्त ‘ब’ भरला तर वेचायचा हक्क मिळतो, जंगलाचा कारभार मिळत नाही. दोन्ही भरा. अर्जाला फी नाही.

सुरुवात ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीपासून होते. तिच्यात 10 ते 15 सदस्य असतात. किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला लागतात. ठरावाच्या सभेला निम्मी ग्रामसभा हजर हवी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. समजा गावात 240 प्रौढ आहेत, तर 120 जण आणि त्यांत 40 बाया. सह्या-अंगठे त्याच दिवशी, त्याच जागी घ्या. नंतर घरोघरी फिरून घेतलेल्या सह्या पुढे हरकतीला कारण ठरतात.

मग शिवार फिरणं. सगळा दावा या कामावर उभा आहे, म्हणून त्याला वेळ द्या. पारंपरिक हद्द महसुली हद्दीशी जुळेलच असं नाही. गुरं कुठवर जातात, मोहाची झाडं कोणत्या नाल्यापर्यंत आपल्या गावची मानतात, पेनठाणा (गोंडांच्या देवाचं स्थान) कुठे आहे, हे गायता, भुमिया (गावचे पुजारी-प्रमुख) आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत चाला. हद्द वळते तिथे मोबाईलवर जीपीएस नोंद घ्या. नाला, डोंगराची धार, बोडी (लहान तळं), जुनी विहीर, मसणवटा नकाशावर दाखवा आणि वनविभागाने जंगलाचे जे कक्ष (तुकडे) पाडलेत त्यांचे क्रमांक लिहा. वनविभागाच्या संयुक्त वनव्यवस्थापन योजनेत गावाला दिलेल्या कक्षांपुरतंच क्षेत्र मागण्याची चूक बरीच गावं करतात. त्यामुळे निम्मं जंगल बाहेर राहतं.

वनहक्क समिती जागेवर जाऊन दाव्याची पडताळणी करते; तिची तारीख वनविभाग आणि महसूल विभागाला लेखी कळवा व पोच जपून ठेवा. ते आले नाहीत आणि नंतर हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम असतो. ही पोच हातात नसेल तर हा नियम वापरता येत नाही. शेजारच्या गावाशी हद्द गुंतत असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून लेखी निष्कर्ष काढावा. हा वाद गावातच मिटवलेला बरा. मिटला नाही तर उपविभागस्तरीय समितीकडे जातो.

पुरावे एकापेक्षा जास्त हवेत. पूर्व विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटीच्या जुन्या सरकारी नोंदी) हे भक्कम कागद. सोबत गॅझेटियर, वनविभागाची कार्ययोजना, जुने नकाशे, ज्येष्ठांचे लेखी जबाब आणि देवस्थानासारख्या खुणा. अमुकच कागद आणा अशी सक्ती कोणी करू शकत नाही, आणि उपग्रह चित्र पूरक आहे, इतर पुराव्याची जागा घेत नाही.

ठरावासह फाईल उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाते. प्रत्येक पानाची छायाप्रत गावात ठेवा. ठराव अपुरा वाटला तर समितीने दावा फेटाळायचा नाही, कारणांसह ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे 60 दिवसांत दाद मागता येते.

पट्टा हाती आला की सही करून घेण्याआधी वाचा. तो ग्रामसभेच्या नावाने हवा, संयुक्त वनव्यवस्थापन योजनेतल्या समितीच्या नव्हे. हेक्टर आणि कक्ष क्रमांक ठरावाशी ताडून पहा. कमी क्षेत्र लिहिलं असेल तर तिथेच लेखी हरकत द्या. पट्ट्यावर जिल्हाधिकारी, वनविभागाचे उपवनसंरक्षक आणि जिल्हा आदिवासी विकास अधिकारी अशा तिघांच्या सह्या असतात. अधिकार अभिलेखात नोंद झाली का, हे तलाठ्याकडे तपासा.

त्यानंतर नियम 4(1)(ई) प्रमाणे ग्रामसभेने वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्यासाठी समिती नेमायची. कोणता भाग न तोडता ठेवायचा, वणवा कोण विझवणार, चराई कधी बंद, हे तिने आराखड्यात लिहायचं. गौण वनोपजाचा (बांबू, तेंदू, मोह अशा मालाचा) वाहतूक परवानाही हीच समिती देते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये हक्क मिळाला, पण बांबूचा परवाना गावाच्या हाती यायला 2011 उजाडलं. म्हणून परवाना पुस्तिका आणि शिक्का पहिला ट्रक भरण्याआधीच तयार ठेवा.