पाइन लागवडीतील अंतर व कागदाचा लगदा

पाइनची रोपे किती अंतरावर लावली यावर ओंडक्याची जाडी, गाठी आणि कोवळ्या गाभ्याचा वाटा ठरतो. लगद्याचा उतारा आणि कागदाचा चिवटपणाही त्यानुसार बदलतो. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतील लोबलोली पाइन (पायनस टीडा) हे याचे उत्तम उदाहरण आहे.

६ × ६ फुटांवर एकरी सुमारे १,२१० रोपे बसतात, तर १२ × १२ फुटांवर जेमतेम ३००. दाटीत झाडे काटकुळी राहतात आणि खालच्या फांद्या लवकर वाळतात. मोकळ्या जागेत झाड झपाट्याने पोसते, पण फांद्या जाड होतात. लगद्यासाठी लाकूड रसायनांत शिजवताना त्यांच्या टणक गाठी नीट विरघळत नाहीत, चाळून बाजूला काढाव्या लागतात.

ओंडका आडवा कापला की मध्यभागी रुंद, फिकट वलये दिसतात. हे झाडाच्या पहिल्या साधारण दहा वर्षांतले कोवळे लाकूड. त्यातील तंतू आखूड आणि पातळ भिंतींचे असतात, लिग्निन (तंतूंना एकत्र चिकटवून धरणारे द्रव्य) जास्त आणि सेल्युलोज (ज्याचा कागद बनतो ते द्रव्य) कमी असते. बाहेरच्या वलयांत गडद पट्टे ठळक होतात. तिथले तंतू ३ ते ४ मिलिमीटर लांब आणि जाड भिंतींचे असतात.

विरळ लावले की तंतू बिघडतात, एवढेच म्हणणे अपुरे आहे. लाकूड कोणत्या वयात पक्व होऊ लागते हे अंतराने फारसे बदलत नाही. बदलते ती त्या वयापर्यंत तयार झालेल्या गाभ्याची जाडी. म्हणून अंतराचा विचार तोडणीच्या वयापासून वेगळा करताच येत नाही. विरळ लावून पंधराव्या वर्षी तोडलेल्या झाडात बहुतेक गाभाच हाती लागतो. तेच झाड तीस वर्षे राखले, तर त्याभोवती पक्व लाकडाचे जाड कडे चढते.

कोवळे लाकूड हलके असल्याने शिजवण्याच्या टाकीत तेवढ्याच जागेत लगदा कमी निघतो. तरी ते टाकाऊ नव्हे. त्याचे तंतू चपटे होऊन एकमेकांना घट्ट बिलगतात, त्यामुळे कागद गुळगुळीत होतो आणि ताण चांगला सोसतो; फाटायला मात्र सोपा. सिमेंटच्या पिशव्या आणि खोक्यांचा पुठ्ठा यांना पक्व लाकूडच हवे. अशी पिशवी फाडून कड उजेडात धरली, की बाहेर आलेले केसाळ तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसतात. भारतातील क्राफ्ट (पिशव्या-खोक्यांच्या चिवट तपकिरी) कागदाच्या गिरण्या अमेरिकेतून जुन्या खोक्यांची रद्दी मागवतात, ती याच लांब तंतूंसाठी.