‘ती तीच आहे का?’ आणि ‘ती माणूस आहे का?’

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या विज्ञानकथांमध्ये मृत्यूनंतर परतलेली मुलगी हे पात्र आता चांगलेच रुळले आहे. अपघात होतो, शरीर हाताबाहेर जाते, मन मात्र कशात तरी उतरवून घेतले जाते आणि काही महिन्यांनी मुलगी घरी येते. मग घरचे, मैत्रिणी आणि मुख्य म्हणजे ती स्वतः एकच गोष्ट विचारू लागतात : ही खरी आहे का? या ‘खरी’ शब्दात दोन निराळे प्रश्न दडलेले असतात. ही मेलेली मुलगीच आहे का, हा पहिला आणि ही माणूस आहे का, हा दुसरा. वाचक, आणि पुष्कळदा लेखकही, एकाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे धरून चालतात. तसे ते मिळत नाही.

एक कल्पित प्रसंग घेऊ. परतलेल्या मुलीसमोर आई बसली आहे. आई विचारते, “निळ्या कोटाच्या फाटक्या खिशात काय सापडलं होतं?” मुलगी म्हणते, “तुझं हरवलेलं कानातलं. मी घेतलं होतं, आणि तू मला एका शब्दानं रागावली नाहीस.” आईचे डोळे भरून येतात. ती मुलीचा हात हातात घेते आणि पटकन सोडते. हात गार नसतो, उबदारच असतो. पण बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत तो सगळीकडे अगदी सारखाच उबदार असतो. आईने इथे दोन परीक्षा घेतल्या. कोटाचा प्रश्न पहिल्या शंकेसाठी होता आणि त्यात मुलगी उत्तीर्ण झाली. हाताचा स्पर्श दुसऱ्या शंकेसाठी होता. हात सोडताना ‘ही माझी मुलगी नाही’ असे जर आईच्या मनात आले असेल, तर तिने दुसऱ्या परीक्षेचा निकाल पहिल्या परीक्षेच्या गुणपत्रिकेवर लिहिला.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत घातलेल्या एका प्रकरणात फार स्वच्छपणे मांडले आहे. राजपुत्राच्या जाणिवा आणि आठवणी एका चांभाराच्या शरीरात शिरल्या, तर त्या शरीरातली ‘व्यक्ती’ राजपुत्र असेल, पण ‘माणूस’ म्हणून इतरांच्या लेखी तो चांभारच राहील, असे तो म्हणतो. त्याच प्रकरणात सुसंगत संभाषण करणाऱ्या एका पोपटाची गोष्ट येते. तो पोपट कितीही शहाणपणाने बोलला, तरी त्याला आपण बुद्धिमान पोपट म्हणू, माणूस म्हणणार नाही. थोडक्यात, तीच व्यक्ती असणे जाणिवेच्या आणि आठवणींच्या धाग्यावर ठरते, तर माणूस असणे शरीर आणि प्राणिजाती यांवर. लॉकचे दुसरे उत्तर आज अपुरे वाटते, पण प्रश्न दोन आहेत हे त्याचे म्हणणे टिकून आहे.

आपल्याकडच्या कथांनाही हा फरक ठाऊक आहे. हरणाच्या पाडसात जीव गुंतलेला भरत राजा मरतो आणि हरणाच्या जन्माला जातो. त्या जन्मात त्याला मागचे सारे आठवते. तो भरतच आहे, याबद्दल कथेला तिळमात्र शंका नाही आणि तो माणूस नाही, याबद्दलही नाही. वेताळपंचविशीतल्या अदलाबदल झालेल्या मस्तकांच्या गोष्टीत नेमके उलट आहे. तिथे दोन्ही देह निःसंशय माणसांचे आहेत, पेच फक्त त्या दोघांतला बाईचा नवरा कोणता, एवढाच आहे. विक्रम राजा मस्तकाच्या बाजूने कौल देतो. आधुनिक विज्ञानकथेनेही बहुतांशी तोच कौल उचलला आहे. फक्त मस्तकाऐवजी ती मेंदू म्हणते.

2008 साली इंग्रजीत आलेल्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की हे लख्ख दिसते. मेरी पिअर्सनच्या ‘द अ‍ॅडोरेशन ऑफ जेना फॉक्स’मध्ये अपघातानंतर जेनाच्या मेंदूचा केवळ दहावा भाग वाचवला जातो आणि बाकीचे बहुतेक सगळे कृत्रिम आहे. रॉबिन वासरमनच्या ‘स्किन्ड’मध्ये लिया या मुलीचे मन यांत्रिक देहात उतरवले जाते आणि मूळ मेंदूचा अंशही मागे उरत नाही. पहिलीत धागा तुटलेला नाही, बारीक झालेला आहे. दुसरीत तो तोडून नव्याने ओवलेला आहे. म्हणून ‘ती तीच का?’ या प्रश्नावर जेनाची बाजू भक्कम आहे आणि लियाची कमकुवत. मात्र दोघींचे माणूसपण या मोजपट्टीने ठरत नाही. लिया मूळ मुलगी नसली, तरी ती घाबरते, चिडते, आपल्याला वगळले जात आहे हे तिला कळते. ती कोणाची तरी प्रत आहे म्हणून तिच्या भीतीची किंमत कमी होत नाही.

जेनाच्या जगात कायदा प्रत्येकाला आयुष्यभरासाठी शंभर गुण देतो आणि कृत्रिम अवयव बसवला की त्यातले गुण खर्ची पडतात. जेना मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेली, म्हणून बेकायदा. हा हिशोब फक्त माणूसपणाचा आहे. ती जेना आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जेना मात्र रात्रंदिवस ‘मी तीच आहे का?’ या पहिल्या प्रश्नाशी झगडत असते. माझ्या मते या कादंबरीतले सगळ्यात अस्वस्थ करणारे तपशील तिच्या शरीराचे नाहीत, तर जपून ठेवलेल्या तिच्या मनाच्या दुसऱ्या प्रतीचे आहेत. त्या प्रतीला आठवणी आहेत, पण हात नाहीत, चेहरा नाही, कोणाला हाक मारता येत नाही. तिला बंद करणे म्हणजे जेनाला मारणे की कोणा दुसऱ्याच माणसाला, की कोणालाच नाही? इथे दोन्ही प्रश्न एकदम विचारल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

प्रतींचा मुद्दा आला की दोन्ही प्रश्नांची घडणच किती भिन्न आहे, ते कळते. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने 1984 साली एका यंत्राची कल्पना मांडली. ते यंत्र माणसाची इत्थंभूत प्रत मंगळावर तयार करते आणि एकदा पृथ्वीवरचा मूळ माणूसही शिल्लक राहतो. आता दोघेही ‘तोच’ असू शकत नाहीत, कारण ते एकमेकांहून वेगळे आहेत. माणूस मात्र दोघेही असू शकतात, दहा प्रती काढल्या तर दहाही. ‘तीच असणे’ ही एकच खुर्ची आहे. माणूसपणाच्या खोलीत कितीही जण मावतात.

विज्ञानाची मदत यात किती होते? सुमारे 1,39,000 चेतापेशी असलेल्या फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे 86 अब्ज आहेत. उद्या तो नकाशाही झाला, तरी तो फार तर पहिल्या प्रश्नाला उपयोगी पडेल. वैद्यकाने त्या प्रश्नाला दिलेला धडा मला अधिक बोलका वाटतो. तीव्र अपस्मार असलेल्या काही मुलांच्या मेंदूचा एक अर्धगोल शस्त्रक्रियेने काढतात किंवा उरलेल्या मेंदूपासून तोडतात, आणि शुद्धीवर आलेले मूल वेगळेच कोणी आहे, असे आईवडिलांना वाटत नाही. जेनाच्या दहाव्या भागाची कल्पना म्हणूनच निव्वळ चमत्कृती वाटत नाही.

किशोरवाचकाला या कथा का भिडतात, हे फार समजावून सांगायला नको. आरशातला चेहरा दर सहा महिन्यांनी बदलत असतो आणि आपण इतरांसारखे आहोत ना, ही धास्ती वेगळीच असते. पहिली काळजी ‘तीच का?’च्या घरची, दुसरी ‘माणूस का?’च्या घरची.

कथा जसजशी लांबते, तसतशी ही दोन उत्तरे एकमेकांपासून दूर जातात. जेनाचा देह माणसाच्या नेहमीच्या आयुष्याहून कितीतरी अधिक टिकू शकतो. स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडने 1785 साली लॉकला एक अडचण दाखवली होती : शाळेत मार खाल्लेला मुलगा तरुण अधिकाऱ्याला आठवतो, तो अधिकारी म्हाताऱ्या सेनापतीला आठवतो, पण सेनापतीला तो मुलगा आठवत नाही, मग सेनापती तोच की नाही? दोनशे वर्षे जगलेल्या मुलीला सतरा वर्षांची ती किती आठवेल? तिच्याबाबत ‘तीच का?’चे उत्तर वर्षागणिक पातळ होत जाईल, तसेच जसे कोणाचेही होते, फक्त अधिक काळ. आणि सोबतचे सगळे म्हातारे होऊन जात असताना आपण तशाच राहिलो, हे तिला जितके सलेल, तितके तिच्या माणूसपणाविषयी शंका घेणे कठीण होईल.