पन्नाशी आली, म्हणून दत्तक बंद?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खारे बांगडे निवडता निवडता काकी ठामपणे म्हणाल्या, "पन्नाशीला टेकलेल्यांना कोण मूल देतंय!" समज जुनाच, आणि अर्धाच खरा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पर्यंतच चालते. पण मूल आठ वर्षांपुढचं असेल तर तीच मर्यादा ११० होते. दोघंही पन्नाशीचे? चालतं. एकटी बाई असेल तर ५५ पर्यंत. मुलात आणि पालकात २५ वर्षांचं अंतर मात्र हवंच. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर करायची, दत्तकाचा हुकूम २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आणि "गोव्यात पोर्तुगीज कायदा, इथे दत्तक कुठलं" हे तर सोडाच, ज्याखाली हे दत्तक होतं तो बाल न्याय कायदा इथेही लागू आहे.