उपास वेगळा, उपाशीपोटी वेगळं

चतुर्थीच्या सकाळी आमच्या लॅबमध्ये हमखास घडतं. मावशी पहिल्या एसटीनं आलेल्या असतात. काही खाल्लं का, विचारलं की म्हणतात, "नाही बापा, उपास हाय ना आज." दंडाला पट्टा बांधता बांधता पुन्हा विचारलं की कळतं, निघताना वाटीभर साबुदाण्याची उसळ झाली आणि वर चहा. मग सुई बाजूला ठेवावी लागते. मावशींचा वेचणीचा रोज बुडतो, तिकिटाचे पैसे जातात आणि राग आमच्यावर निघतो.

उपाशीपोटी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर दहा ते बारा तास साध्या पाण्याशिवाय काहीच नाही. चहा नाही, भगर नाही, खर्राही नाही. तंबाखूनं साखर वर जाऊ शकते. पाणी मात्र पोटभर प्या, शीर लवकर सापडते.

"एवढ्याशा उसळीनं काय होते?" होतं ते असं, पण आधी चरबीचं काम समजून घ्या. पोटाची चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही. थायरॉइडसारखी तीही रक्तात हार्मोन सोडते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी लेप्टिनचा जीन शोधला. लेप्टिन चरबीतून निघून मेंदूला कळवतं, साठा आहे, आता पुरे. चरबी फार वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू दाद देत नाही. दुसरं अ‍ॅडिपोनेक्टिन, ते इन्शुलिनला हात देतं. चरबी वाढली की नेमकं तेच घटतं. शिवाय सूज वाढवणारी रसायनं सुटतात. शुगर, बीपी आणि यकृतावरची चरबी एकाच माणसात एकत्र दिसतात, त्यामागे हेही कारण आहे.

जेवल्यावर इन्शुलिन चरबीला तिचा स्निग्ध माल आत ठेवायला सांगतं. पोट रिकामं असलं की चरबी तो थोडा थोडा सोडते. बिघडलेली चरबी इन्शुलिनचं ऐकत नाही. जादा माल यकृताकडे जातो आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, होऊन रक्तात येतो. तुम्ही उसळ खाऊन आलात, तर वाढलेलं ट्रायग्लिसराइड चरबीचं की शेंगदाण्याच्या तेलाचं, हे कोणालाच सांगता येणार नाही. तेलकट खाऊन आलेल्या कुणाकुणाची नळी मशीनमध्ये फिरवून काढली, तर वरचा पिवळसर, आरपार दिसणारा भाग दुधासारखा पांढरा निघतो. त्यात इतर आकडेही बिघडू शकतात. म्हणून आम्ही परत पाठवतो. चुकीच्या रिपोर्टवर गोळ्या सुरू होण्यापेक्षा एक खेप जास्त झालेली बरी.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "मी तं बारीक आहो, मले कायची शुगर?" पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दोघांनी २००४ साली स्वतःचीच ही उदाहरणं 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, अशी माणसं गावोगाव आहेत. त्यामुळे काट्यावर उभं केल्यावर आम्ही टेपही लावतो. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बाईची ८० सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर तपासणी टाळू नका. पँटचा नंबर सांगू नका. पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायचं. बायकांचं माप पडद्यामागे सिस्टर घेतात. याचे पैसे नाहीत.

मोबाइलवर पाहून लेप्टिनची टेस्ट मागणारेही येतात. रोजच्या उपचारात तिचा उपयोग नाही, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. उपाशीपोटीची शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) हा आमचा एकत्रित संच घ्या, वेगवेगळ्या तपासण्यांपेक्षा स्वस्त पडतो.

शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर सकाळचा डोस कधी घ्यायचा, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून या. रक्त दिल्यावर लगेच खायला डबा सोबत आणा. आणि चुकून चहा झालाच असेल तर लपवू नका. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, तेवढं रक्त त्याच दिवशी घेऊ, बाकीचं पुढच्या बाजाराच्या दिवशी.