खिडकीच्या फटीतला आंबूस वास

मे महिन्यात मुंबईत स्लायडिंगवाले खिडक्यांच्या कडेला गनने सिलिकॉन मारायला येतात आणि घरभर व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो वास सिलेन या, सिलिकॉन मूलद्रव्याच्या संयुगातून सुटणाऱ्या आम्लाचा. सिलेनची गोष्ट सुरू झाली ती मात्र खिडकीपासून फार दूर.

१९४०च्या दशकात अमेरिकेत काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होणारं चिकट प्लास्टिक) एकत्र करून हलके, भक्कम भाग बनू लागले. पण ओल लागली की दोघांची फारकत होई, कारण काचेला रेझिनपेक्षा पाणी जवळचं. नौदलासाठी काम करणाऱ्या आर. के. विट आणि सहकाऱ्यांनी १९४७ साली नोंदवलं, की धाग्यांना अ‍ॅलिल नावाचा अणूंचा गट असलेलं सिलेन लावलं तर साध्या इथिल सिलेनच्या तुलनेत दुप्पट ताकद मिळते. अ‍ॅलिल रेझिनमध्ये गुंफला जातो, इथिल नुसता बसून राहतो. पुढे डाऊ कॉर्निंगच्या एडविन प्लुडेमन यांनी याच दुहेरी स्वभावाच्या, एका टोकाने काच आणि दुसऱ्याने रेझिन धरणाऱ्या रेणूंवर आयुष्य वेचलं. त्यांच्या कामाचं मोल मला सर्वांत मोठं वाटतं.

फटी बुजवणाऱ्या सीलंटमध्ये सिलेनला दुसरी भूमिका मिळाली, साखळ्यांना साखळ्या जोडण्याची. सिलिकॉनच्या लांब रेणूंच्या टोकांना तीन-चार हातांचं सिलेन धरतं. नळी बंद असेपर्यंत सगळं शांत. बाहेर पडताच हवेतली वाफ ते हात सोडवते, टोकं एकमेकांना जुळतात आणि मऊ लगद्याचं रबर होतं. अ‍ॅसिटॉक्सी सिलेन असेल तर सुटणारा घटक अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणून तो वास. ज्या पाण्याने काच-रेझिनचा जोड तोडला, त्याच पाण्याला इथे जोडणीला लावलंय! रसायनशास्त्रातली ही मला फार आवडणारी उलटापालट आहे.

मात्र हे आम्ल सिमेंट आणि संगमरवराला सोसत नाही. तिथे मेथॉक्सी किंवा ऑक्झाइम सिलेनवाला न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारा प्रकारच हवा; दुकानात तसं सांगून मागावं. जपानच्या कानेका कंपनीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस सिलिल टोकांचे, म्हणजे टोकांना सिलेनचे गट असलेले पॉलिएथर सीलंटसाठी आणले. त्यांवर रंगही बसतो, साध्या सिलिकॉनवर तो टिकत नाही.

आणि मुहूर्त मे महिन्याचाच बरा. हवेत दमटपणा भरपूर असतो, भिंत मात्र कोरडी. सिलिकॉन पिकायला वाफ लागते, पण ओल्या भिंतीला ते धरत नाही. जुलैत गळती दिसल्यावर मारलेलं सिलिकॉन म्हणूनच सालासारखं निघून येतं.