फोटोमागच्या पेन्सिलीपासून ऑनलाईन टॅगपर्यंत

आमच्या इंदूरच्या घरी आजोबांचे ट्रंकाभर फोटो निघाले, सगळे स्कॅन करून एका ऑनलाईन सर्व्हिसवर चढवले, तर टॅग, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द, आपोआप लागले: बाई, साडी, गर्दी, रात्र, रोषणाई. अनंत चतुर्दशीच्या झांकीला, म्हणजे इंदूरच्या कापड मिल मिरवणुकीत काढतात त्या रोषणाईच्या देखाव्याला, मात्र ‘कार्निव्हल’ लागलं, आणि मला ते खरंच लागलं मनाला. मग हे टॅग आले कुठून ते शोधत बसलो.

फोटो इंदूरला नवे नाहीत, पुढे नामांकित फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाळ इथे बांधकाम खात्यात नोकरीला असतानाच १८७० च्या दशकात कॅमेऱ्याकडे वळले. तेव्हापासून कितीतरी वर्षं टॅग म्हणजे फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं नाव-गाव. डिजिटलमध्ये ती मागची बाजूच गेली. १९९५ मध्ये एक्झिफ आलं, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच आपोआप लिहितो ती माहिती, पण त्यात मुख्यतः तारीख, कॅमेरा, शटर असलंच, आणि स्कॅन केलेल्या फोटोत तर तारीखसुद्धा बरेचदा स्कॅनचीच पडते, म्हणजे आजोबांचं लग्न यंदाच्या फोटोंत जाऊन बसतं!

२००४ मध्ये फ्लिकर ही फोटो शेअर करायची वेबसाईट सुरू झाली आणि ज्याला जो शब्द सुचेल तो लावायची मोकळीक मिळाली. थॉमस व्हँडर वाल यांनी त्याच वर्षी याला फोक्सॉनॉमी, म्हणजे लोकांनीच केलेलं वर्गीकरण, असं नाव दिलं. २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपले जुने फोटो तिथे टाकले, लोकांनी टॅग लावले, जागा नि माणसं ओळखून दिली. मला हा सगळ्यात सुंदर टप्पा वाटतो.

पण मशीन शिकलं ते वेगळ्या वाटेनं. संगणकशास्त्रज्ञ लुईस फॉन आन यांचा ऑनलाईन ईएसपी गेम, २००३ च्या आसपासचा: दोन अनोळखी माणसांना एकच चित्र दाखवायचं, दोघांचा शब्द जुळला की तो टॅग पक्का. गूगलनं हाच खेळ २००६ मध्ये घेतला. पुढे २००९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ फेई-फेई ली यांच्या टीमचं इमेजनेट, म्हणजे नावं लावलेल्या चित्रांचा मोठा साठा, आलं, त्यातली लाखो चित्रं घरबसल्या पैसे घेऊन काम करणाऱ्या लोकांनी तपासलेली, शब्द वर्डनेट या इंग्रजी शब्दकोशवजा डेटाबेसमधले. त्यावरच झालेल्या चित्रं ओळखायच्या स्पर्धेत २०१२ मध्ये चित्रांवरून शिकणारं कॉम्प्युटर मॉडेल अ‍ॅलेक्सनेट जिंकलं आणि मग आपोआप टॅगिंगनं वेग घेतला.

आता बघा, अनोळखी लोकांचा जुळलेला शब्द तोच टिकणार असेल तर ‘गर्दी’ टिकेल, ‘मिलची झांकी’ कशी टिकणार? ती इंदूरवाल्यालाच कळते.

म्हणून मी आता रोज संध्याकाळी आत्याजवळ लॅपटॉप घेऊन बसतो. ती सांगते, मी देवनागरीत टाईप करतो, आणि सर्व्हिसच्या डेटाबेसवर न सोडता फाइलच्या आत आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोची माहिती फाइलमध्येच साठवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, कॅप्शनमध्येच लिहितो, म्हणजे उद्या सर्व्हिस बदलली तरी नावं फोटोसोबत जातील. काल त्या ‘कार्निव्हल’वर आली तर चष्मा पुसून म्हणाली, "अरे ही हुकुमचंद मिलची झांकी, आणि तो खांद्यावर बसलेला तुझा बाबा."