पापणी का उचलत नाही?

पावसाळ्यात शिराळ्याकडच्या वस्त्यांवर जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. मुंगी चावल्यासारखं वाटतं, माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात आणि उचलेनाशा होतात. आवाजही फुटत नाही. घरच्यांना वाटतं, शुद्ध हरपली. पण बऱ्याचदा त्याला सगळं ऐकू येत असतं! मेंदू ‘डोळे उघड’ म्हणून सांगत असतो, निरोप पापणीला पोचत नाही.

निरोप चेतापेशीच्या लांब तंतूतून विजेच्या रूपात धावतो. तंतूच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात, सोडियमचे भारित कण आत घुसतात, की लगेच पुढची दारं उघडतात. जलद तंतूंत हा वेग सेकंदाला 100 मीटरपर्यंत जातो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. तिथे वीज थांबते. तंतूच्या टोकातल्या इवल्या पिशव्या अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात, ते पलीकडे स्नायूवरच्या खाचांत बसतं आणि स्नायू आकसतो. चेतातंतू रसायनाने बोलतात हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एक हृदय चेतेमार्फत मंद केलं, त्याच्यातला द्रव दुसऱ्याला दिला, तेही मंदावलं.

मण्यारीचं विष फटीच्या अलीकडे घाव घालतं, पिशव्या रित्या होतात, टोकंच मोडतात. मोडलेली टोकं प्रतिविषाने जुळत नाहीत. ती पुन्हा उगवेपर्यंत व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवावा लागतो. मांत्रिकाकडे गेलेला एकेक तास म्हणूनच जिवावर बेततो. नागाचं विष पलीकडच्या खाचा अडवून बसतं.

आता तासगावची द्राक्षबाग. काम झालं की अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारं एक विकर त्याच फटीत असतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं तेच बंद पाडतात. निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ, अंगाला घाम, स्नायूंची फडफड, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. फवारणीचे कपडे अंगावर ठेवून जेवायला बसणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

आणि नाग चावलेल्याला प्रतिविषाबरोबर डॉक्टर कधी कधी निओस्टिग्मिन देतात. तेही हेच विकर रोखतं, फक्त मोजून आणि थोडा वेळ. फटीत अ‍ॅसिटिलकोलीन साठतं, मोकळ्या उरलेल्या खाचा गाठतं, आणि पापणी हळूहळू वर जाते.